बाजारच्या दिवशी राणी डोळे उघडणार

कला माणसाला अमर करते. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, बहुतेक वेळा गळ्यात हार असलेल्या माणसाच्या तोंडून आणि बहुतेक वेळा चहा येईपर्यंतचा वेळ भरून काढण्यासाठी. मी त्याला कधी विरोध केला नाही. माझी थोरली बहीण गोदा कलेनं अमर झालेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. ती माजलगावच्या बाजारात, एका अडत्याच्या भिंतीवर, एका मोसमापुरती अमर झाली होती. पुढं तिचं काय झालं ते शेवटी सांगते, कारण ते एकदा सांगितलं की सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आम्ही जीनगर. आमचे आजे-पणजे घोड्यांची खोगिरं करत. घोडे कमी झाले, खोगिरं संपली आणि घरात रंग आले. आबा, म्हणजे माझे वडील, लग्नघरांच्या दाराशी हत्ती-घोडे काढत, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवत, मोहरममध्ये ताबुतांना बेगड लावत आणि गणपतीत गणपती करत. देव कुणाचा आहे याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. भिंत कोरडी आहे की ओली एवढंच ते विचारत. आमच्या घरात दोन चुली होत्या. एकीवर आमटी शिजायची आणि दुसरीवर चिंचोक्याची खळ, जिच्यात रंग कालवले की ते कापडाला धरून राहतात. दोन्हींचा रंग जवळजवळ सारखा आणि बुडबुडण्याचा आवाजही सारखा. खळ एकाच अंगानं ढवळावी लागते, उलटी फिरवली की गुठळ्या होतात, म्हणून माय खळीशी बसली की कुणाशी बोलत नसे. गोदा पाट्यावर पिवडी आणि नीळ वाटायची. तिच्या हाताला कधी पिवळा, कधी निळा रंग असायचा, आणि त्याच हातानं ती भाकरी थापायची. लहानपणी मला निळसर भाकरीचं काही नवल वाटत नसे. पांढरी भाकरी मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरी पाहिली तेव्हा मात्र ती कच्ची आहे असं मला वाटलं.

गोदाचं लग्न उमापुरात झालं होतं. ती गेली आणि पाटा माझ्याकडे आला. मग एका पावसाळ्यात, सिंदफणेला पाणी असताना, मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगरानं निरोप आणला की जीनगराची लेक तापानं गेली, जाळून तिसरा दिवसही झाला. आबा नदी उतरायची वाट बघत काठावर बसून राहिले, मग गेले आणि तिच्या लुगड्याची घडी घेऊन परत आले. असा उशिरा निरोप आला की आमच्याकडे अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून गार पाणी घेतात. त्यानं सुतक सुरू होतं आणि संपतंही. आबांनी घेतलं, मी घेतलं. माय चुलीपाशीच बसून राहिली. म्हणाली, "मी तोंड बगितलं न्हाई तिचं. बगितल्याबिगर मी पानी घेनार न्हाई." शेजारणींनी समजावलं, भावकीतल्या म्हाताऱ्यांनी दटावलं. ती खळ ढवळत होती, त्यामुळं तिनं कुणाला उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात गोदा उमापुरात होती. मुलगी सासरी असणं आणि मुलगी नसणं यांत घरातल्या घरात फारसा फरक दिसत नाही, ही गोष्ट मला फार लहानपणी कळली आणि ती अजून माझा पिच्छा सोडत नाही. पंचमी आली की माय म्हणायची, "औंदा बी न्हाई धाडलं त्यांनी." दिवाळी आली की म्हणायची, "लई काम लावतेत वाटतं." आबा तिला खोडून काढत नसत. त्यांची अडचण वेगळी होती. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे, थोरल्या लेकराच्या नावानं मारी. गोदा झाल्यापासूनची सारी वर्षं ते तिला 'गोदाची माय' म्हणत आले होते. आता ते म्हणवेना आणि दुसरं काही सुचेना. मग ते नुसतंच खाकरायचे आणि माय वळून बघायची. एकदा तिनं चुकून त्यांच्या ताटात आमटीऐवजी खळ वाढली. आबांनी भाकरी कुस्करली, खाल्ली, हात धुतला आणि एवढंच म्हणाले, "आमटीत येसराचा मसाला जरा कमी पडला." आबांना मी कुणाशी प्रेमानं बोलताना फारसं ऐकलं नाही, पण ती खळ खाताना पाहिलं आहे.

अशा घरावर मुनीर शेठ येऊन थडकला. तो गावोगाव तंबू लावून चित्रांचा खेळ दाखवायचा. चित्रं अजून बोलायला लागली नव्हती. पडद्याशेजारी हातात काठी घेऊन एक माणूस उभा राहायचा आणि कोण काय करतंय ते सांगायचा. शेठच्या तंबूला भारदस्त शाही नाव होतं आणि ठिगळंही तितकीच होती. सिंदफणा उतरताना त्याची एक गाडी कलंडली. मशीन वाचलं, चित्रांचे डबे वाचले, पण तंबूच्या तोंडाशी टांगायचं रंगवलेलं मोठं कापड भिजून त्यातली राणी आणि राजा एकमेकांत विरघळून गेले. कापडाशिवाय खेळ म्हणजे वाजंत्र्याशिवाय वरात. शेठनं मांजरपाटाचा तागा आबांच्या पुढ्यात टाकला.

"जीनगर, इत्ती बडी राणी बनाव. पूरे बाजार कू दिखना."

आबांनी विचारलं, "कोन राणी? तोंड कसं हाय तिचं?"

"राणी है, राणी! राणी जैसा तोंड रहता."

"आमच्या गावात न्हाई कुनी राणी," आबा म्हणाले. "तुमी बगितली आसंल तर सांगा."

शेठनं डोकं खाजवलं. "जवान है. गोरी. और उदास है, हौ, बहोत उदास. जंगल में छोड देते उसकू."

आबांनी राजाचं विचारलं नाही. पुरुषाचा चेहरा त्यांना एकच येत असे, मारुतीचा, आणि शेपूट वगळली की तो कुठल्याही राजाला चालत असे. खेळाचं खरं नाव काहीतरी लांबलचक संस्कृत होतं. आमच्या बाजारात ते कुणाला उच्चारता आलं नाही, म्हणून सगळे त्याला राणीचा खेळ म्हणत. ते नाव आबांनी मराठीत आणि उर्दूत, दोन्ही ओळींत, वेलबुट्टी काढावी तसं काढलं. त्यांना दोन्ही वाचता येत नव्हत्या. उर्दू ओळ त्यांनी डावीकडून सुरू केली, तरी ती बरोबर झाली.

कापड घरात मावेना, म्हणून ते बाजारातल्या एका अडत्याच्या भिंतीवर ताणून बसवलं. त्यामुळं घरात गुपचूप झालं असतं ते सगळं गावादेखत झालं. चित्र होताना बघणं हे झालेलं चित्र बघण्यापेक्षा कितीतरी मोठं सुख आहे. लोक ज्वारीची पोती टेकवून उभे राहत. आधी कोळशाचा गोल उमटला, तो भोपळा आहे यावर पैजा लागल्या. मग मान आली, खांदा आला. प्रत्येकाचा त्यात काही ना काही शब्द होता. अडत्या म्हणाला, माझ्या भिंतीवर उघड्या दंडाची बाई नको, घरात सुना आहेत. आबांनी कोपरापर्यंत चोळी घातली. मग पोलिसांचे अमीनसाहेब आले. त्यांच्यामागं त्यांची खुर्ची चालत यायची, एका शिपायाच्या डोक्यावर. ते बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की राणीच्या डोक्यावर पदर पाहिजे. मुकुट असताना पदर कसा, असं शेठनं विचारलं. अमीनसाहेब म्हणाले, मुकुट काढा. अशा रीतीनं प्रतिष्ठित मंडळींनी आपापल्या अब्रूला जपत जपत राणीची जीनगराची पोर करून टाकली. पुढं आयुष्यात मी पुष्कळ समित्यांवर काम केलं. ठराव नेहमी असेच होतात.

पण हनुवटीचं कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी मी आबांची भाकरी घेऊन गेले तेव्हा राणीच्या हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका होता आणि तो मधोमध नव्हता, डाव्या अंगाला सरकलेला होता. गोदा लहान असताना गोंदणारी आली, सुई टेकवली आणि नेमकी तेव्हाच गोदा शिंकली. ठिपका घसरला. माय त्यावरून तिला चिडवायची, "तुजा नवरा डावीकडूनच बगनार बग." मी भाकरी हातात धरून उभी राहिले. ओठ तिचे होते. कानाची पाळी तिची होती. डोळ्यांच्या जागी मात्र नुसतं पांढरं कापड होतं.

डोळे न काढण्याचं कारण साधं होतं. आमच्या धंद्यात डोळे शेवटी काढतात. देवाची मूर्ती पुरी झाली की कारागीर उपास धरतो, अंघोळ करतो, मग डोळे उघडतो, आणि उघडताना समोर आरसा धरतात. पहिली नजर फार कडक असते, ती माणसावर पडू द्यायची नसते. आरशावर पडून ती तिची तिलाच परत जाते. शेठनं हे ऐकलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

"अरे जीनगर, ये देवी नहीं, तमाशे की राणी है! आंधळी राणी कौन देखने आता?"

"डोळे ते डोळेच की शेठ," आबा म्हणाले. "बाजारच्या दिवशी काडतो."

शेठ चडफडत निघाला, पण चार पावलांवर थांबला. भिंतीपुढं गर्दी होती. लोक चित्र बघत नव्हते, चित्रात जे नव्हतं ते बघत होते. एक जण म्हणाला, "कावून झाकलेत बे डोळे हिचे?" दुसरा म्हणाला, "झाकले न्हाईत, यायचेत." तेवढ्यावर शेठला सगळं उमगलं. त्याच दिवशी हलगीवाला गावभर ओरडत फिरला, "बाजारच्या दिवशी राणी डोळे उघडणार हो!" आसपासच्या गावांतही हलगी गेली. आता चौकाचौकात पुढाऱ्यांचे एवढाले रंगीत फलक लागतात, हात जोडलेले, डोळे टक्क उघडे. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्या लोकांना आबांसारखा माणूस मिळायला हवा होता. अर्धवट सोडलेलं तोंड माणसाला झोपू देत नाही. बाजारातून जाताना तो आंधळा चेहरा मला पाठीवर जाणवायचा. डोळे असते तर तो दुसरीकडं बघतो आहे असं तरी म्हणता आलं असतं.

माय बाजारात जात नसे. मी तिला काही बोलले नाही, आबा तर बोलणारे नव्हतेच. पण बांगड्या विकणारी गंगा कासारीण दारोदार हिंडायची, आणि तिच्या टोपलीत बांगड्यांपेक्षा बातम्या जास्त असत. ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "काय गं, लेक बाजारात हुबी हाय आन् माय घरात बसून ऱ्हायलीय?"

माय खळ ढवळत होती. तिचा हात थांबला. "कोन लेक?"

"तुजी गोदा गं माय. अडत्याच्या भिताडावर. गोंदनासकट."

"आली?" माय म्हणाली.

गंगा कासारणीनं एकही बांगडी न दाखवता टोपली उचलली. हे तिच्या बाबतीत मी एकदाच पाहिलं. माय उठली, पदर सारखा केला आणि तशीच चालू लागली. मी मागं पळाले. खळीच्या त्या दिवशी गुठळ्या झाल्या.

बाजारचा दिवस नव्हता, भिंतीपुढं मोकळं होतं. आबा बांबूच्या शिडीवर बसून पदराचा काठ रंगवत होते. त्यांनी मायला पाहिलं आणि कुंचला पाण्याच्या गाडग्यात ठेवला. माय पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "डोळे कावून न्हाईत?"

"बाजारच्या दिवशी," आबा म्हणाले.

"म्हंजी बाजारच्या दिवशी येनार."

आबा खाकरले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं असं मला आजही वाटतं. पण शिडीखाली दोन हमाल येऊन उभे राहिले होते, आणि आबा चारचौघांत बायकोशी बोलत नसत. त्यांनी गाडग्यातून कुंचला काढला. माय घरी आली ती धपाट्यांचं पीठ मळायला बसली. बाहेर चितारली आहे म्हणजे आत असणारच, यात तिला शंका नव्हती. हलवायाच्या दुकानावर जिलबी काढलेली असते ती आत जिलबी असते म्हणूनच. आबांनी आयुष्यात दुकानाच्या पाटीवर कधी खोटं काढलं नव्हतं. तिचं चुकलं कुठं, हे मी अजूनही नेमकं दाखवू शकत नाही.

बाजारच्या दिवशी जत्रेला लोटावी तशी माणसं लोटली. आबा सकाळपासून उपाशी होते. न्हाव्याकडून मोठा आरसा आणला होता. भिंतीसमोर दोन पोरांनी तो उचलून धरायचा होता. अमीनसाहेब खुर्चीवर बसले आणि त्यांनी उर्दूत भाषण केलं. ते फार सुंदर असावं, कारण कुणालाच कळलं नाही. मग हलगी थांबली. आबा शिडीवर चढले. त्यांनी आधी उजवा डोळा काढला. काजळीचे दोन फटके, आत एक थेंब, आणि भिंत एका अंगानं जागी झाली. गर्दीतून बारीक आवाज निघाला, लेकरू झोपेत काढतं तसा. मग ते दुसऱ्या डोळ्याकडं वळले, आणि त्याच वेळी माय गर्दीतून पुढं झाली. तिनं आरसा धरलेल्या पोरांना हातानं बाजूला सारलं, जसं जेवायला बसलेल्यांच्या मधून वाट काढतात तसं, काही न बोलता, आणि आरशाच्या जागी स्वतः उभी राहिली.

"अगं सर, बाजूला सर!" कुणीतरी ओरडलं. "नजर पडंल!"

"पडू द्या," माय म्हणाली. "माज्यासाटीच हाय ती."

आबांनी मागं वळून पाहिलं. त्यांच्या हातात भरलेला कुंचला होता आणि काजळी ओघळून मनगटावर येत होती. ते थांबू शकले असते. ते पुन्हा भिंतीकडं वळले आणि त्यांनी डावा डोळा काढला. गोदानं डोळे उघडले आणि पहिल्यांदा मायकडं बघितलं. हे मी लिहिते आहे ते मला भुताखेतांवर विश्वास नसताना. चित्राचे डोळे कुठूनही बघितलं तरी आपल्याकडंच बघतात, ते कसं काढायचं याची युक्ती असते, हे मी नंतर पुस्तकांत वाचलं. पण मी मायच्या शेजारी, तिच्या पदराला धरून उभी होते, आणि माझ्याकडं ती बघत नव्हती.

गर्दी भिंतीपुढंच जमते हे बघून शेठनं कापड तिथंच राहू दिलं. संध्याकाळी आम्ही खेळाला गेलो. बायकांची बाजू कनातीनं वेगळी केली होती. मायच्या मांडीवर फडक्यात बांधलेली धपाटी होती. उमापूरहून आलेली माणसं भुकेली असतात. तंबूमागं इंजिन धडधडायला लागलं, दिवे मालवले, आणि पांढऱ्या कापडावर पाऊस पडावा तशा रेघा पडायला लागल्या. रेघांमधून झाडं निघाली, मग राजवाडा, मग राजा, जो मारुतीसारखा मुळीच नव्हता. मग काठीवाल्यानं काठी आपटली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ही पाहा महाराणी!"

खरी राणी आबांच्या राणीच्या दुप्पट होती आणि अजिबात उदास नव्हती. ती बहुधा नुकतीच जेवली होती.

"ही न्हाई," माय म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. पण तिला कुणी गप्प केलं नाही, कारण कनातीपलीकडून पुरुष तेच ओरडायला लागले होते. "राणी बदलली!" "आमची राणी कुटं हाय बे?" "भिताडावरली आना!" साऱ्या गावानं त्या डोळ्यांची वाट पाहिली होती, आणि त्यांच्या जागी कुणा परक्या बाईला बघायची त्यांची तयारी नव्हती. कुणीतरी पडद्याकडं चप्पल फेकली. तेव्हा काठीवाला, जो बेरकी माणूस होता, ओरडला, "थांबा मंडळी! ही राणीची सावत्र बहीण! खरी राणी वनवासात आहे, येतेय!" तंबू शांत झाला. मायनं माझा हात दाबला. "बग. येतीय."

काठीवाल्याला आता कुणीतरी दाखवणं भाग होतं. खेळ निम्म्यावर आला तेव्हा पडद्यावर एक नदी दिसली. काठावरून एक मुलगी डोक्यावर घागर घेऊन पाठमोरी चालत जाते आणि झाडांत दिसेनाशी होते, एवढंच. मूळ गोष्टीत ती कुणीही नसावी; चित्र काढताना वाटेत आली असावी. काठी तिच्यावर पडली. "ही पाहा! दासीच्या वेशातली तुमची राणी!" पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, कुणी फेटा उडवला. माय उठून उभी राहिली होती. घागर, मान, डाव्या खांद्याची किंचित उतरती चाल. मी बघितलं. मला काय दिसलं ते मी आज या वयातही सांगू शकत नाही. चाल तिचीच होती असं म्हणावं तर मी त्या काठीवाल्याच्या पंक्तीला बसते, आणि नव्हती म्हणावं तर खोटं बोलते.

मग आम्ही रोज गेलो. शेठनं दारावरच्या माणसाला सांगून ठेवलं होतं, "माँ कू आने देव." रोज धपाटी यायची आणि रोज ती मुलगी पाठ फिरवून झाडांत जायची. माय बाकीचा खेळ बघत नसे. डोकं खाली घालून फडक्याची गाठ चाचपत बसे, आणि नदी आली की मान वर करी. घरी आल्यावर म्हणे, "आज जरा हलली हुती मान. उद्या वळंल." आबा ऐकत. त्यांनी तो खेळ पाहिला नाही. आपण काढलेली राणी त्यात नाही हे गावानं त्यांना सांगितलं होतं, आणि घरात आपण काय करून ठेवलं ते त्यांना सांगायची गरज नव्हती. ते भिंतीकडून जाणं टाळत आणि बाजार ओलांडायला मशिदीमागून लांबचा फेरा घालत. खरं भय मला मुलीच्या पाठीचं नव्हतं. तंबू एक दिवस उठणार, आणि माय त्याच्यामागं चालू लागणार, याचं होतं. तिनं धपाट्यांचं पीठ जास्तीचं दळून ठेवलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी तंबू गच्च भरला होता. नदी आली. मुलगी आली. काठीवाला रोजच्यासारखा पुढं सरसावला आणि माय उभी राहून ओरडली, "गोदे!"

तशी हाक मी आधी ऐकली होती. गोदा नदीवर रेंगाळली की माय ओट्यावरून ती द्यायची, आणि गोदा कितीही लांब असली तरी हातातलं टाकून वळायची. एकदा ती वळताना घागर फुटली होती. तंबूत कुणी हसलं नाही. काठीवाल्याकडं प्रत्येक गोष्टीवर बोलायला काही ना काही असायचं. त्याची काठी हवेत तशीच राहिली. नुसतं इंजिन धडधडत होतं. "गोदे, वळ की गं माय," माय म्हणाली, या वेळी हळू. मुलगी चालत चालत झाडांपाशी गेली आणि दिसेनाशी झाली. पडद्यावर राजवाडा आला.

माय खाली बसली नाही. तिनं धपाट्यांचं फडकं शेजारच्या बाईच्या लेकराच्या हातात दिलं आणि बाहेर पडली. वाटेत अडत्याची भिंत लागली. तिनं तिकडं बघितलं नाही. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "शेवंते, माजी गोदा आसती तर हाकंला वळली आसती."

मी अंगणाचं दार ढकललं.

"म्हंजी न्हाई ती," माय म्हणाली. "कुटंच न्हाई."

अंगणात रांजण होता. तिनं तांब्या घेतला आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी ओतायला सुरुवात केली. आबा ओट्यावर बसले होते. एकदा बघितल्यावर त्यांना कळलं ते काय आहे. ते उठले, खाकरले, आणि मग एवढ्या दिवसांनी मी त्यांच्या तोंडून ते पुन्हा ऐकलं.

"गोदाची माय," ते म्हणाले, "पानी कोमट करू का?"

"नगं," ती म्हणाली. "ह्याला गारच लागतं."

पुढं कितीतरी वर्षांनी, दोघं म्हातारी झाल्यावर, मी आबांना विचारलं की त्यांनी ते तोंड मुद्दाम काढलं होतं का. ते बैलाचं शिंग रंगवत होते. म्हणाले, "मला बाई एकच काडता येत हुती." एवढंच उत्तर मला मिळालं आणि त्यापेक्षा बरं उत्तर मला कलेवरच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

मायनं पाणी घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तंबू सिरसाळ्याला निघाला. तिथला खेळ दरोडेखोराचा होता आणि नव्या कापडाची शेठची तयारी नव्हती, म्हणून निघायच्या आधी त्यानं आबांकडून जुन्यावरच काम उरकून घेतलं. आबांनी पदराचा फेटा केला आणि ओठांवर जाड मिश्या काढल्या. डोळे तेच ठेवले. नवे काढायचे तर परत उपास धरावा लागला असता.